कापलेल्या अकरा ओळी

जेसल पार्क, भाईंदर पूर्व
९ जून

इयान,

पत्र बघून हसू नकोस. तू माझा नंबर ब्लॉक केलायस, मेलला उत्तर देत नाहीस, मग माणसाने करायचं काय? शेवटचं पत्र मी सातवीत लिहिलं होतं, बाईंना, तीन दिवसांच्या गैरहजेरीबद्दल. हेही तसंच समज.

बर्नडेट आंटी म्हणाल्या की पाकीट घरी पोचतं कर, गावातलं कोणी ना कोणी मस्कतला जातंच असतं, पोराच्या बोंबलांच्या पार्सलात टाकून देऊ. त्यामुळे कागदाला वास आला तर दोष माझा नाही.

काल उत्तनला गेले होते. बोटी सगळ्या वर ओढून, प्लास्टिक बांधून ठेवल्यात. आंटींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. फ्लेव्हियाचं लग्न ठरलं ते तुला कळलंच असेल, ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. मी आपलं सहज विचारलं, "इयान कधी येतोय?" आंटी भात वाढत राहिल्या. मला नको म्हणायला सुचेना, ताटात डोंगर झाला. शेवटी फ्लेव्हियाच म्हणाली, "दादा येनार न्हाय. मामा बोललाय, तो चर्चमधे आला तर मी पाय ठेवनार न्हाय." तुझे वडील गेल्यापासून घरात बापाच्या जागी रेमंड मामाच. त्यांच्याशिवाय पोरीचं लग्न कसं लागणार? म्हणून सख्खा भाऊ मस्कतला हॉटेलांचे कॅमेरे बसवत बसणार. मला फार वाईट वाटलं. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. अपघातानंतरच्या त्या मीटिंगमध्ये मी जे बोलले ते कागदावर जे दिसत होतं तेच बोलले. मामांनी बोटीवरच्या आपल्या खोक्याचं संकटाचं लाल बटण दाबलं, संदेश अर्ध्या मिनिटात किनाऱ्यावर यायला हवा होता, आला पन्नास मिनिटांनी. तोवर बोट खडकावर आणि मामांचा गुडघा बोट आणि खडक यांच्यामध्ये. आपल्या खोक्यात त्या वेळी कोणता प्रोग्राम जागा अडवून बसला होता हे शोधायचं काम माझ्यावर आलं. मी शोधलं. तुझा निघाला. तू म्हणालास, "माझा प्रोग्राम झोपलेला होता." मी म्हटलं, "मशीन खोटं बोलत नाही, इयान." अजूनही तेच म्हणते.

बाकी ऑफिस आहे तिथेच. खाली स्टीलच्या भांड्यांना पॉलिश चालू, वर आम्ही बहिरे. अनिश सरांनी मला एक कंटाळवाणं काम दिलंय. आपला "छडा" आठवतो ना, कोणता प्रोग्राम केव्हा चालला ते दाखवणारं माझं टूल? खोक्याचा कर्नल, आतल्या सगळ्या प्रोग्रामांचा तो मुकादम, परत बदलतोय, म्हणून छड्याचा वाचायचा भाग नव्याने लिहायचाय. महिनाभर डोक्याला ताप.

लिही काहीतरी. शिव्या दिल्यास तरी चालेल.

संपदा


२६ जून

इयान,

उत्तर नाही. ठीक आहे. पार्सल पोचायला वेळ लागतो म्हणे.

आज जरा कामाचं बोलायचंय, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही. अनिश सरांना सांगायला गेले तर त्यांनी मान हलवत चहा मागवला.

तुला माहीत आहे, कर्नल प्रत्येक घटनेची नोंद करतो तेव्हा ती नुसती बाइटांची माळ असते. कुठल्या बाइटपासून काय सुरू होतं, किती लांब आहे, हे त्या घटनेच्या व्याख्येत लिहिलेलं असतं, आणि ती व्याख्या कर्नल स्वतःच देतो. नुसती मागायची. मी छडा लिहिला तेव्हा ती एकदाच मागितली, त्यातले आकडे बघितले आणि कोडमध्ये हाताने टाकून दिले. छप्पन्नाव्या बाइटपासून पुढे चार, म्हणजे आता चालू झालेल्या प्रोग्रामचा क्रमांक. चालत होतं, वेगात चालत होतं, सगळे खूश होते. तूही होतास.

आता दर वेळी व्याख्या वाचून जागा ठरवणारा भाग लिहिला. सोपं नाहीये हं. व्याख्या म्हणजे साधा मजकूर, त्यात आकडा असतो, अक्षरांची रांग असते, कधी अशी जागा की जिची लांबी नोंद हातात आल्यावरच कळते. चार दिवस त्यातच गेले. नवा भाग तयार झाल्यावर तपासायला म्हणून एक जुनी नोंद त्यातून काढली. कोणती ते विचारू नकोस. समोर होती ती घेतली.

नवा छडा आणि जुना छडा एकच नोंद वाचून वेगवेगळी उत्तरं देतायत.

लगेच काही ठरवून बसू नकोस. नव्या कोडमध्येच चूक असण्याची शक्यता जास्त आहे. अपघाताच्या आधीच्या महिन्यात आपण खोक्याचा कर्नल बदलला होता, त्यात नोंदीतली एक जागा चार बाइटांनी आखूड झालेली दिसतेय. एवढंच. छोटीशी गोष्ट आहे. नक्की झालं की कळवीन.

संपदा


८ जुलै

इयान,

नक्की झालं. दहा दिवस मी ते मनाशीच ठेवलं. नव्या कोडमध्ये चूक शोधत होते, देवाशप्पथ शोधत होते, सापडली तर पेढे वाटले असते. नाही सापडली.

जुना छडा चुकीच्या जागेवरचा आकडा वाचत होता. पुढची एक जागा आखूड झाली, मागचं सगळं चार बाइट पुढे सरकलं, आणि छप्पन्नाव्या बाइटवर प्रोग्रामच्या क्रमांकाऐवजी त्याचा शेजारी येऊन बसला, म्हणजे अग्रक्रम, कोणाची पाळी आधी ते सांगणारा आकडा. सगळ्या साध्यासुध्या प्रोग्रामांचा अग्रक्रम किती असतो ते तुला मी सांगायला नको. एकशेवीस.

आणि खोका चालू केला की तुझ्या प्रोग्रामला दर वेळी कोणता क्रमांक मिळतो तेही तुला मी सांगायला नको. तोच, एकशेवीस.

म्हणजे खोक्यात कोणीही साधा प्रोग्राम चालला की छडा म्हणायचा, हा बघा इयानचा. पन्नास मिनिटं सलग इयानचा. मी तो कागद सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला होता, पिवळ्या पेनाने रंगवून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फासाची दोरी मी वळली, गाठही मीच मारली, वर पिवळं पेन.

सलग दोनदा तपासलं. तुझा प्रोग्राम झोपलेला होता, इयान. तू जे म्हणालास ते अक्षरशः खरं होतं. मामांचा संदेश पाठवायच्या आधी तो खोक्यातल्या मेमरी कार्डावर एक नोंद टाकायला थांबला होता आणि कार्ड दुसऱ्याने अडवलं होतं.

अनिश सरांना दाखवलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "बोटी सुरू व्हायच्या आधी चुपचाप अपडेट टाकू. खोके दुरुस्त झाले की झालं ना? आता जुनं उकरून काय मिळणार? इयान तसाही सेटल झालाय तिकडे." मी मान डोलावली. मला त्या क्षणी बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

खोके दुरुस्त होतील. अकरा बोटींवर आहेत, सगळ्यांवर अपडेट जाईल, यंदा कोणाचं बटण वाया जाणार नाही. पण फ्लेव्हियाच्या लग्नाला तू अपडेटने येणार नाहीस. मामांना हे कोणीतरी तोंडाने सांगावं लागेल.

तू सांगशील का? म्हणजे तू त्यांना फोन करून म्हणालास की ऑफिसने मान्य केलंय, तर ते ऐकतील. मी लागेल तो कागद पाठवते.

संपदा


१९ जुलै

इयान,

मागचं पत्र पोस्टात असतं तर परत मागवून घेतलं असतं. "तू सांगशील का?" वा रे वा. ज्याला आरोपी केलं त्यानेच स्वतःचा वकील व्हायचं, आणि हे मी सुचवतेय.

परवा पप्पांना सगळं सांगितलं. ते बाल्कनीत बसून खाडीकडे बघत होते, मला वाटलं ऐकतच नाहीयेत. पप्पा तसे ऐकत नाहीत असं दाखवून सगळं ऐकतात. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "सगळं सांगितलंस. पण कार्ड अडवणारा कोण होता, ते नाही सांगितलंस."

तुलाही नाही सांगितलं. मागच्या पत्रात मी "दुसऱ्याने" असं लिहिलंय बघ. मी परत वाचलं नाही तरी मला शब्द पाठ आहे.

बोट कुठून कुठे गेली ते दर मिनिटाला कार्डावर लिहून ठेवणारा प्रोग्राम. कार्ड भरलं की थांबायला हवं होतं. तो थांबला नाही, पुन्हा पुन्हा लिहायचा प्रयत्न करत राहिला, कार्ड धरून बसला, आणि तुझा प्रोग्राम रांगेत त्याच्या मागे उभा. आत मामांनी दाबलेलं बटण हातात घेऊन.

तो माझा आहे, इयान. वरपासून खालपर्यंत माझा. कार्ड भरल्यावर काय होईल याचा विचार मी केलाच नव्हता, कारण ऑफिसात आमचं कार्ड कधी भरायचंच नाही.

म्हणजे बघ, माझ्या प्रोग्रामने मामांचा पाय घालवला, माझ्याच टूलने तुझं नाव सांगितलं, आणि मीच उभी राहून म्हटलं की मशीन खोटं बोलत नाही. खापर फोडायला तुझं डोकं मिळालं. करून सवरून मी नामानिराळी, वर दर महिना-दोन महिन्यांनी उत्तनला जाऊन तुझ्या आईच्या हातचं जेवतेय. आंटी म्हणतात, "पोरी, तुला तरी वेळ मिळते गो." मला कळत नाही मी कशासाठी जाते. तुझी चौकशी करायला जाते असं स्वतःला सांगते. खरं तर त्यांना अजून काही कळलं नाही ना, हे बघायला जाते.

पप्पा म्हणाले, "पत्र लिहिलंस ते बरं केलंस. पण कागदाला तोंड नसतं."

संपदा


२७ जुलै

इयान,

अजून एक राहिलंय. शेवटचं. हे पप्पांनाही सांगितलेलं नाही.

आतापर्यंतच्या पत्रांत तू मला मूर्ख म्हणू शकतोस, निष्काळजी म्हणू शकतोस. तेवढ्यावर भागलं असतं तर मी आनंदाने म्हणवून घेतलं असतं. चूक सगळ्यांची होते, कोडमध्ये तर रोज होते.

त्या मीटिंगच्या आदल्या दिवशी मी खोका ऑफिसात चालू करून सगळा प्रसंग परत घडवला. खोका चालू केल्याच्या पहिल्या क्षणापासून नोंद घेतली. छड्यातून ती काढली आणि वरून वाचायला लागले. पहिल्याच पानावर, खोका चालू होऊन दोन सेकंदसुद्धा झाले नव्हते तिथे, अकरा ओळी होत्या. एकशेवीस. एकशेवीस. एकशेवीस.

दोन सेकंदाला तुझा प्रोग्राम सुरूच झालेला नसतो. तो सहाव्या सेकंदाला उठतो. जो जन्मालाच आला नाही तो चालला कसा?

मला हे तेव्हा दिसलं होतं. नंतर नाही, तेव्हाच. मी खुर्चीत मागे टेकले, खाली पॉलिशचं मशीन थांबलं होतं एवढंही आठवतंय. मनात आलं, छडा बरोबर वाचतोय ना? लगेच दुसरं मनात आलं, छडा चुकत असेल तर परत पहिल्यापासून, उद्या मीटिंग, अनिश सर वाट बघतायत, आणि सगळ्यात मोठं म्हणजे, इयान नसेल तर मग कोण? कार्डावर लिहिणारे आपण दोघंच होतो. तू आणि मी.

मी म्हटलं, सुरुवातीचा कचरा असेल. आणि त्या अकरा ओळी निवडून कापल्या. मग छापायला दिलं.

तू मीटिंगमध्ये कागद उलटा-सुलटा करून एकच प्रश्न विचारलास. "सुरुवातीची नोंद कुठाय?"

मी म्हटलं, "सुरुवातीला काही नसतं."

तू माझ्याकडे बघितलंस. मग कागद खाली ठेवलास आणि बाहेर गेलास, भांडला नाहीस, ओरडला नाहीस. तुला तेव्हाच कळलं होतं ना? मला वाटतं तुला कळलं होतं. म्हणून ब्लॉक केलंस. चुकीसाठी तू कोणाला ब्लॉक करणाऱ्यातला नाहीस.

तीन वर्षांपूर्वी तू माझा कोड तपासला होतास त्याची नोंद काल उघडून बघितली. छप्पन्न लिहिलेल्या ओळीशेजारी तुझा शेरा आहे. "हे आकडे हाताने लिहू नकोस. कर्नल स्वतः सांगतो कुठे काय आहे. दर वेळी त्याला विचार." खाली माझं उत्तर आहे. "बघू नंतर." आणि मीच तो शेरा बंद करून टाकलाय.

पुढच्या रविवारी उत्तनला जातेय. यावेळी जेवायला नाही.

संपदा


४ ऑगस्ट

इयान,

तू हे फोनवर अर्धंमुर्धं ऐकलंस. तरी नीट लिहिते, कारण तुझी लाइन तुटत होती आणि माझा आवाज.

चर्चमधली मिस्सा सुटल्यावर पोचले. मुद्दामच, म्हणजे मामा घरी असतील. बोटी मोकळ्या केल्यात, सगळ्या गावात रंगाचा वास. मामा ओट्यावर काठी आडवी ठेवून जाळं दुरुस्त करत बसले होते. मी म्हटलं, "मामा, आत या, सगळ्यांना एकदम सांगायचंय." ते म्हणाले, "काय गो, तुजं बी लगीन ठरलं काय?" फ्लेव्हिया हसली. मला वाटलं आत्ताच परत फिरावं.

बसले आणि म्हटलं, "मी इयानला पाच पत्रं लिहिलीत. त्यात सगळं आहे."

आंटी उठल्या. कपाटातून बिस्किटांचा डबा काढला, उघडला, माझ्या पुढ्यात ठेवला. आत माझी पाच पाकिटं. तशीच, चिकटवलेली.

"त्यानं सांगितलेलं," आंटी म्हणाल्या, "तिचं काय बी मना पाठवू नको. आनि तू एवढी लांबून येतेस, तुला न्हाय बोलायला माजी जीभ उचलली न्हाय. मी घेतली नि ठेवली."

म्हणजे तू काहीच वाचलं नव्हतंस. दोन महिने मी तुझ्या गप्प राहण्याचे अर्थ लावत होते, तुझ्या बाजूने चिडत होते, तुझ्या बाजूने थोडं थोडं माफही करत होते, आणि पत्रं उत्तनमध्येच, बिस्किटांच्या डब्यात. मी एकदम हसले आणि मग रडायला लागले, फार वाईट दिसत असणार.

मामा म्हणाले, "रडून काय समजनार हाय? वाच."

वाचली. पाचही. माझ्या तोंडाने, त्या घरात. पहिल्या पत्रातलं "मशीन खोटं बोलत नाही, अजूनही तेच म्हणते" हे मी फ्लेव्हियाकडे न बघता वाचलं. दुसऱ्या पत्राला मामांनी हात वर केला. "ह्यो बाईट नि फाईट मना न्हाय कळत. सरळ सांग."

मी म्हटलं, "मामा, चर्चमध्ये तुम्ही पुढून पाचव्या बाकावर बसता ना? समजा मी ते पाठ केलं. पाचव्या बाकावर जो दिसेल तो रेमंड मामा. तोंड बघायचं नाही, नाव विचारायचं नाही, फक्त बाक मोजायचा. एके दिवशी फादरनी पुढचा एक बाक काढला. सगळे एकेक बाक पुढे सरकले. पाचव्यावर दुसराच कोणी येऊन बसला, त्याने काही गोंधळ केला, आणि मी दारातून ओरडले, रेमंड मामांनी केला."

"विचारायचं ना पन," फ्लेव्हिया म्हणाली. "नाव विचारायला काय लागते?"

काही लागत नाही. तेच तुझ्या शेऱ्यात होतं.

पाचवं वाचताना आंटी उठून आत गेल्या. अकरा ओळींपर्यंत आले आणि मामांनी जाळं खाली ठेवलं. मी त्यांच्या पायाकडे बघत होते. म्हटलं, "मामा, तुमचा पाय..."

"पायाचं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पाय दर्यात जातो कदी कदी. माज्या बापाचा हात गेलेला." मग जाळं बाजूला सारलं. "तो हास्पिटलात आलेला. माज्या खाटंशी उभा. बोलला, मामा, माजा प्रोग्राम झोपलेला, मना म्हाईत हाय. मी भिंतीकडं तोंड केलं. तो अर्धा तास उभा व्हता. मी भिंतच बघीत ऱ्हायलो. दीड वरीस झालं, बाय. ते तू कसं परत देनार?"

मी पाचही पत्रं घडी घालून परत डब्यात ठेवली.

मग त्यांनी आंटींना हाक मारली, "फोन लाव त्याला."

पुढचं तू ऐकलंस, पण तुला दिसलं नाही. त्यांनी काठी घेतली, उठले, फोन दोन हातांत धरला. "इयान. रेमंड बोलतो." ओठ नुसते हलतायत. दर्यावर वादळात ओरडणारा माणूस, त्याला शब्द सापडेना. शेवटी म्हणाले, "लग्नाचे सूट शिवायला टाकायचे हायत. तुजं माप पाठव." आणि आंटी दारात पदर तोंडात धरून उभ्या.

तू तिकडून म्हणालास, "मामा, पोट वाढलंय माजं." आणि ते हसले, आणि हसता हसता त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला. मी एका दमात छड्याचं, माझ्या प्रोग्रामचं आणि कापलेल्या अकरा ओळींचं सांगून टाकलं.

तू मला "कशी आहेस" म्हणाला नाहीस. बरं केलंस. एकच विचारलंस, "त्या अकरा ओळी अजून आहेत तुझ्याकडे?"

"आहेत."

"सगळ्यांना पाठव." आणि ठेवलास.

आज सकाळी पाठवल्या. ऑफिसात सगळ्यांना, खोके घेतलेल्या अकरा बोटींच्या मालकांना, कापलेल्या आणि न कापलेल्या, शेजारी शेजारी. खाली तुझं नाव, तुझा प्रोग्राम झोपलेला होता हे, आणि कापणारीचं नाव. अनिश सरांनी बोलावलं. काय झालं ते लिहीत नाही, सहानुभूती गोळा केल्यासारखं होईल.

पाचही पाकिटं आंटींनी ठेवून घेतली. आता पाठवतील म्हणाल्या. हे सहावं, आणि सोबत छड्याचा नवा भाग छापून, सात पानं. तू तपासल्याशिवाय तो मी कुठेच लावणार नाही. नाही तपासलंस तर पडून राहू दे.

संपदा


३० ऑगस्ट

इयान,

काल आंटींनी मला एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "इयाननं पाठवलाय, मना काय कळत न्हाय, तुज्यासाठी हाय."

माझंच चौथं पान. एका ओळीभोवती पेन्सिलचा गोल, शेजारी तुझं अक्षर. "हा आकडा अजून हातानेच लिहिलायस."

नमस्कार नाही, चमत्कार नाही, नावसुद्धा नाही. मी पान काढून बघितलं. खरंच होतं. लांबी नंतर कळणाऱ्या जागेसाठी मी एक आठ ठेवून दिला होता, माझा आठ, कर्नलने न सांगितलेला. सात पानांत तेवढा एकच, आणि तो तुला सापडला.

मी ते पान घेऊन बाल्कनीत गेले. पप्पांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, चूक निघाली. ते म्हणाले, "मग एवढी खूश का?"

आठ काढलाय. आता तिथेही व्याख्या वाचूनच लांबी ठरते. नवं पान सोबत जोडलंय. मामांनी सांगितलंय की तुझा सूट कापायला दिलाय, पोटाच्या जागी दोन इंच जास्त धरून.

माफ केलंस का ते विचारत नाही. चौथं पान परत बघ.

संपदा